संमतिपत्रसाहेबांस अनावृत पत्र

पुणे, 30 जानेवारी 2022

प्रति,
मा. संमतिपत्रसाहेब,
मुक्काम : शाळेच्या कार्यालयातले कपाट

विषय : पाल्यास (पुन्हा एकदा) शाळेत पाठविण्याबाबत.
संदर्भ : आपले काल रात्रीचे पीडीएफ.

महोदय,

सा. न. वि. वि.

काल रात्री वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आपलं पुनरागमन झालं. परवा, 1 फेब्रुवारीपासून पुण्यातल्या शाळा पुन्हा उघडणार. पाल्याने येताना मास्क, पाण्याची बाटली आणि आपणांस आणावं, अशी खाली सूचना होती. आपण डिसेंबरातही आला होतात. तेव्हाही मी आपल्याला भरलं होतं, सही केली होती. 16 डिसेंबरला शाळा उघडली, जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात बंद झाली आणि माझ्या सहीची मुदतही तिच्याबरोबर संपली. आता नवी सही हवी. आज सकाळी आपली छापील प्रत काढायला गेले, तर झेरॉक्सच्या दुकानात निम्मा वर्ग एकमेकांना खेटून उभा होता. पाल्य गर्दीत जाणार नाही याची हमी द्यायला आलेले पालक होते ते.

साहेब, आपली ताकद आम्हां पालकांना उशिराच उमगली. 30 सप्टेंबर 2020 रोजी केंद्राच्या गृह मंत्रालयाने सांगितलं, की 15 ऑक्टोबरनंतर शाळा टप्प्याटप्प्याने उघडता येतील. मात्र कधी, ते राज्यांनी ठरवावं आणि पालकांची लेखी संमती घ्यावी. झाला खो-खो सुरू. केंद्राने राज्याला खो दिला. राज्याने जिल्हाधिकाऱ्यांना आणि महापालिका आयुक्तांना दिला, त्यांनी शाळांना दिला, शाळेने पालकांना दिला. आमच्या घरात यजमानांनी ‘‘तुला काय वाटतं? तूच ठरव,’’ म्हणत तो अलगद माझ्या पाठीवर ठेवला. मी उठून पळाले, तर पुढे नुसता खांब, आणि खांबाला आपण चिकटलेले. तळाशी रिकामी रेघ : पालकाची सही.

‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही मोहीम सप्टेंबर 2020मध्ये निघाली, तेव्हाच शहाण्या माणसाने ओळखायला हवं होतं की जबाबदारीचा पत्ता बदलला आहे.

आपली भाषा मात्र काय वर्णावी! ‘मी माझ्या पाल्यास स्वखुशीने शाळेत पाठवीत आहे. माझ्या पाल्यास सर्दी, ताप, खोकला नाही. घरातील कोणीही आजारी नाही. पाल्यास संसर्ग झाल्यास त्याची सर्वस्वी जबाबदारी माझी राहील. शाळा, व्यवस्थापन वा शिक्षक यांना जबाबदार धरणार नाही.’ मी हे तीनदा वाचलं. मी काय काय करणार नाही, ते सगळं त्यात आहे. शाळा काय करणार आहे, त्याचा मात्र शब्द नाही. वर्गाच्या खिडक्या उघडतात का, नळाला पाणी आहे का, एका बाकावर किती मुलं बसणार, एखादं मूल आजारी पडलं तर बाकीच्या पालकांना किती तासांत कळवणार, यावर आपण मौन पाळता. फीचा उल्लेखही आपण सभ्यपणाने टाळता. त्यासाठी वेगळा मेसेज येतो, आणि त्यात संमती विचारलेली नसते.

आता आमच्या ग्रुपबद्दल. आपण अवतरताच तिथे मतदान सुरू झालं. ‘पाठवणार’, ‘नाही पाठवणार’ आणि ‘बाकीचे काय करतात ते बघून’ असे तीन पर्याय होते. तिसरा पर्याय प्रचंड बहुमताने निवडून आला. एका आईने लिहिलं, ‘माझ्यासाठी मुलाचा जीव महत्त्वाचा, वर्ष गेलं तरी चालेल’ आणि दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरच्या बाजारातला, स्ट्रॉबेरी विथ क्रीम हातात घेतलेला सहकुटुंब फोटो टाकला. एका बाबांनी विषाणूच्या आलेखांचे आठ फॉरवर्ड पाठवले. त्यांतले चार शाळेच्या बाजूने होते, चार विरुद्ध. एका आजोबांनी ‘आमच्या वेळी’ अशी सुरुवात केली, तेव्हा ॲडमिनने ग्रुप बंद केला. आमच्या दोन वर्षांतला तो सर्वांत झटपट लॉकडाऊन.

थट्टा सोडा. आमची भीती खोटी नव्हती, हे आपल्यालाही मान्य करावं लागेल. एप्रिल 2021मध्ये याच शहरात लोक ऑक्सिजनच्या बेडसाठी आणि रेमडेसिव्हिरच्या इंजेक्शनसाठी रात्र-रात्र फिरत होते. ज्या घरात मधुमेहाची आजी आहे, त्या घरातल्या आईला शाळेची घंटा वेगळी ऐकू येते. मुलांना हा आजार बहुतेक सौम्य होतो, असं डॉक्टर सांगत होते. पण मूल तो घेऊन घरी आलं तर आजीला सौम्य होईल का, हे आपल्याला विचारायची सोय नव्हती. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांना लस मिळायला लागली ती याच महिन्यात, 3 तारखेला. माझी मुलगी सात वर्षांची. तिचा नंबर अजून यादीतच नाही. म्हणून जे पालक आपल्याला कोरं परत पाठवतात, त्यांना मी भित्रे म्हणणार नाही. आणि जे डोळे मिटून सही करतात, त्यांना बेफिकीरही म्हणणार नाही. दोघांपुढेही प्रश्न एकच आहे आणि तो सोडवायला लागणारी माहिती दोघांकडेही नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. ती समजावी म्हणून आपल्याला थोडा इतिहास सांगते. 2020 सालच्या मे महिन्यात दारूची दुकानं उघडली. ऑगस्टात मॉल उघडले. 5 ऑक्टोबरला हॉटेलं आणि बार उघडले. दसऱ्याला व्यायामशाळा उघडल्या, 5 नोव्हेंबरला चित्रपटगृहं, पाडव्याला देवळं. या सगळ्यांनंतर 23 नोव्हेंबरला नववी ते बारावीचे वर्ग उघडले. तेही शिक्षकांच्या चाचण्या झाल्यावर, आणि मुंबई-पुण्यात तेव्हाही नाहीच. या रांगेत शाळा सोडून कोणाच्याही दारात आपण उभे नव्हता. बारमध्ये शिरणाऱ्या एकाही गृहस्थाने ‘मी स्वखुशीने बसत आहे, काही झाल्यास मालकास जबाबदार धरणार नाही’ असं लिहून दिल्याचं ऐकिवात नाही. त्याच्या घरी मधुमेहाची आई आहे का, हेही कोणी विचारलं नाही.

पुढचं आपल्याला ठाऊकच आहे. 27 जानेवारी 2021ला पाचवी ते आठवी उघडली, दुसऱ्या लाटेत सगळंच मिटलं. दहावीची परीक्षा रद्द झाली आणि न झालेल्या परीक्षेचा निकाल 99.95 टक्के लागला. 10 ऑगस्टला आदेश निघाला, की 17 तारखेपासून शाळा सुरू. राज्याच्या कोविड टास्क फोर्सने हरकत घेतली आणि दुसऱ्याच दिवशी आदेश थांबला. त्या दोन दिवसांत आपल्या किती प्रती छापल्या गेल्या असतील, त्याचा हिशोब राज्यातल्या झेरॉक्सवाल्यांनाच ठाऊक. मग 4 ऑक्टोबरला मोठ्या मुलांचे वर्ग, 1 डिसेंबरला पहिलीपासूनचे. तेवढ्यात ओमायक्रॉन आला म्हणून मुंबई 15 डिसेंबरला, पुणे 16ला. जानेवारीत पुन्हा कुलूप. आणि आता परवा कुलूप निघणार, पहिली ते आठवीपुरतं अर्धा वेळ.

साहेब, हा सगळा पट मांडल्यावर मला एक गोष्ट लख्ख दिसली. शाळा उघडताना दर वेळी आपण हजर होतात. शाळा बंद होताना एकदाही नव्हतात.

मार्च 2020मध्ये बंद झाली तेव्हा विचारायला वेळ नव्हता, हे कबूल. पण त्यानंतर? ‘शाळा बंद ठेवल्यामुळे माझ्या पाल्याचं जे नुकसान होईल, त्याची जबाबदारी अमुक यांची राहील’ असा कागद कोणी भरला? शाळेत गेल्यामुळे काही झालं तर मी जबाबदार. शाळेत न गेल्यामुळे काही झालं तर कोणीच नाही. कारण दुसऱ्या नुकसानीला ताप येत नाही, तिची चाचणी नाही, रोज संध्याकाळी तिचे आकडे येत नाहीत.

ते नुकसान माझ्या घरात कमी आहे. माझी मुलगी जून 2020मध्ये पहिलीत ‘गेली’ म्हणजे जेवणाच्या टेबलाशी गेली. टॅब होता, वायफाय होतं, शेजारी मी होते. पहिलीचं सबंध वर्ष ‘बेटा, अनम्यूट कर’ आणि ‘टीचर, आवाज येत नाही’ यांत गेलं, तरी ती वाचायला शिकली. डिसेंबरात शाळेतून आली तेव्हा सर्वांत मोठी बातमी ही होती, की बाई खूप उंच आहेत. दीड वर्ष तिने बाईंना खांद्यापर्यंतच पाहिलं होतं. तिचं एवढ्यावर निभावलं, कारण आमच्या घरात एक जास्तीची स्क्रीन आणि एक जास्तीचं माणूस होतं.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा मुलगा चौथीत आहे, महापालिकेच्या शाळेत. घरात मोबाइल एक, तो नवऱ्याबरोबर साइटवर जातो, रात्री आठला परत येतो. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या सरकारी उपक्रमाची अभ्यासमाला त्या मोबाइलवर रोज येत होती. मुलगा झोपल्यावर उघडली जात होती. दूरदर्शनवर ‘टिलीमिली’ लागायचं तेव्हा मावशी आमच्या घरी भांडी घासत असायच्या आणि टीव्हीसमोर त्याला बसवायला तिकडे कोणी नसायचं. डिसेंबरात आपण त्यांच्याकडेही गेला होतात. मी विचारलं, ‘‘मावशी, वाचून बघितलंत का, काय लिहिलंय?’’ त्या म्हणाल्या, ‘‘ताई, सही कुठं करायची तेवढं सांगा. पोरगं जोडाक्षर विसरलंय.’’

आपण ज्याला संमती म्हणता, ती त्यांनी अशी दिली. मला निदान ‘नाही’ म्हणता येत होतं. घरी बसलेल्या माझ्या मुलीची शाळा स्क्रीनवर चालू राहिली असती. त्यांच्या मुलाला ती सोयच नव्हती. ऑगस्ट 2021मध्ये अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पंधरा राज्यं-केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांमध्ये सुमारे 1,400 मुलांची पाहणी केली. खेड्यांतली फक्त 8 टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती. 37 टक्के मुलं अजिबात शिकत नव्हती. खेड्यांतल्या 97 टक्के पालकांना शाळा लवकरात लवकर उघडायला हवी होती. त्यांच्यापुढे आपल्याला ठेवायचीही गरज नव्हती. ते आधीच ओरडून सांगत होते, फक्त त्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप नव्हता. बीडहून ऊसतोडीला निघालेल्या आई-बापांबरोबर जी मुलं गाडीत बसून फडावर गेली, त्यांच्याकडे तर आपण पोहोचलातच नाही. त्यांच्या हातात कोयता आला, कोणाच्या गळ्यात तेराव्या-चौदाव्या वर्षी मंगळसूत्र आलं. त्यासाठी कोणाची लेखी परवानगी लागली नाही.

तेव्हा आपल्या सेवेशी काही नम्र सूचना.

एक : आपल्या तळाशी माझ्या सहीची एक रेघ आहे, तिथे आणखी दोन आखाव्यात. एक मुख्याध्यापकांसाठी : खिडक्या उघड्या राहतील, पाणी आणि साबण असेल, आजारी मुलाची बातमी त्याच दिवशी कळवली जाईल. दुसरी प्रशासनासाठी : शाळा कोणत्या आकड्याला बंद होईल आणि कोणत्या आकड्याला उघडेल, ते आधी जाहीर असेल, वर्तमानपत्रात अचानक वाचायला मिळणार नाही.

दोन : शाळेची जागा रांगेत कुठे, हे लिहून ठेवावं. आधी बार बंद व्हावेत, मग मॉल, मग चित्रपटगृहं. शाळा सर्वांत शेवटी. उघडताना उलट.

तीन : ज्या मुलाला घरी ठेवायचं आहे, त्याच्या घरी शिकायला काय आहे, हे आपण विचारावं. काही नसेल तर शाळेने कोणाला पाठवायचं, तेही लिहावं. राज्यात असंख्य शिक्षक गेली दोन वर्षं पारावर, देवळाच्या ओट्यावर, वाडी-वाडीवर जाऊन चार-चार मुलं शिकवत आले आहेत, आणि त्याच शिक्षकांना मधल्या काळात तपासणी नाक्यावर आणि घरोघरच्या सर्वेक्षणालाही उभं केलं गेलं. त्यांना निदान एका कामातून सोडवावं.

सोबत सही करून आपल्याला परत पाठवत आहे. मुलगी मंगळवारी शाळेत जाईल. हा निर्णय मी घाबरत घेतला आहे, आणि त्याची जबाबदारी माझी आहे, हे लिहून द्यायला मला कोणत्याही कागदाची गरज नव्हती. आई-बाप ती मूल जन्मल्यापासूनच घेतात. बाकीच्यांनी आपापली घ्यावी, एवढंच मागणं आहे. आणि यापुढे शाळा बंद करण्याची वेळ आलीच, तर साहेब, आपण आधी बंद करणाऱ्यांकडे जा. त्यांनी पूर्ण वाचावं, स्वखुशीने भरावं, खाली नाव, हुद्दा आणि तारीख घालावी. त्यांची सही झाल्याशिवाय कुलूप लावू नये.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
इयत्ता दुसरीतल्या एका पाल्याची आई