सहकुटुंब पाण्याखाली: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ज्यांना पोहता येत नाही, पाण्याची भीती वाटते आणि तरीही मालवणहून परतताना ‘स्कुबा केलं’ असं सांगायचंच आहे, त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका आहे. म्हणजे तशी ती सर्वांसाठी आहे.

पोहता येणं ही मुळात अटच नाही. रीतसर अभ्यासक्रम करून परवाना काढायचा असेल तर आहे. तिथे २०० मीटर पोहून आणि दहा मिनिटं तरंगून दाखवावं लागतं. पण पर्यटकांच्या हौशी बुडीत होडी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांपाशी थांबते, पाठीवर टाकी बांधली जाते आणि बादलीकडेही सावधपणे बघणारा माणूस पाण्याखाली जातो. त्याला धरून नेणारा मुलगा बहुधा तिथल्याच गाबित मच्छीमाराच्या घरातला असतो. तो होडीवरच एक सूचना देऊन ठेवतो : ‘‘काय एक करू नकात. गप रवा.’’

यापुढचं सगळं या सूचनेवरचं भाष्य आहे. ज्यांना गप राहणं जमतं त्यांनी वाचन इथे थांबवलं तरी चालेल. उरलेल्या आपणा बहुसंख्यांसाठी आता सविस्तर.

तयारी

पावसाळ्यात हे बंद असतं. ऑक्टोबर ते मे हा हंगाम, त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. नाताळच्या आठवड्यात जाऊ नका. माशांपेक्षा माणसं जास्त दिसतात आणि सगळ्यांच्या अंगावर सारखाच काळा रबरी पोशाख असल्याने आपलं माणूस कोणतं हे कळत नाही.

प्रत्येक कुटुंबात ऐनवेळी ‘तुम्ही जा, मी होडीत बसते’ म्हणणारं कुणीतरी असतं. त्यांना आग्रह करू नका. चष्मे, मोबाइल, मंगळसूत्रं आणि दोन मुलं सांभाळायला कुणीतरी लागतंच.

सही करण्यासाठी एक कागद पुढे येईल. त्यावर दमा, हृदयविकार, रक्तदाब, कानाची शस्त्रक्रिया असे प्रश्न असतात. लग्नाच्या बायोडाटात लपवतो तसं इथे काही लपवू नका. सर्दी असेल तर सरळ सांगा आणि किनाऱ्यावर थांबा. आगाऊ भरलेले पैसे बुडाले तरी हरकत नाही. वाफ घेऊन, नाकात थेंब टाकून उतरणारे महाभाग असतात. थेंबांचा असर पाण्याखालीच उतरला की काय होतं ते त्यांना तिथेच समजतं.

थुंकणे

आयुष्यभर ‘येथे थुंकू नये’ अशा पाट्या वाचलेल्या माणसाला इथे ‘थुंका’ असं सांगितलं जातं. मुखवट्याच्या काचेवर आतून वाफ धरू नये म्हणून थुंकी चोळायची आणि समुद्राच्या पाण्यात विसळून टाकायची. एवढंच. या कामात आपल्या लोकांना प्रशिक्षणाची गरज पडत नाही. तोंडात तंबाखू असल्यास मात्र हा विधी दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावा.

श्वास

पाठीवर असतो तो ‘ऑक्सिजनचा सिलिंडर’ नव्हे. वर्तमानपत्रांतून वर्षानुवर्षं तसंच छापून येतं, पण टाकीत असते ती आपली नेहमीचीच हवा, गाळून आणि दाबून भरलेली. दाब वातावरणाच्या सुमारे २०० पट, त्यामुळे अकरा लिटरच्या टाकीत दोन हजार लिटरहून जास्त हवा मावते. नुसता ऑक्सिजन भरला असता, तर सहा-सात मीटरच्या खाली तोच विषारी ठरू लागला असता. ही हवा तोंडात धरलेल्या नळीतून, आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाला जुळवून मिळते. ही करामत झाक कुस्तो आणि एमिल गान्यां या दोन फ्रेंच माणसांनी १९४३ साली जमवली.

इथे योगवर्गाला जाणाऱ्यांसाठी विशेष इशारा. ‘आमचा श्वासावर ताबा आहे’ म्हणणारेच सर्वांत धोक्यात असतात. पूरक चालेल, रेचक चालेल. कुंभक नाही. पाण्याखाली श्वास रोखून धरायचा नाही, हा स्कुबाचा पहिला नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. वरून नेलेला भरलेला फुगा दहा मीटरवर निम्मा होतो, वीस मीटरवर एक तृतीयांश. उलट, खाली टाकीतल्या हवेने छाती भरून घेतली आणि तोंड मिटून वर आलो, तर तीच हवा छातीतच फुगते. फुप्फुसाला इजा व्हायला खोल जावं लागत नाही, मीटर-दीड मीटर वर येणंही पुरतं. ‘दहा फुटांवर काय होणार?’ असं होडीवर छाती काढून म्हणणारे काका असतात. त्यांना नम्रपणे सांगा, की सगळ्यात मोठा फरक पहिल्या दहा मीटरमध्येच पडतो.

श्वास सावकाश घ्या. आणि शक्यतो तोंडाने; नाक मुखवट्यात बंद आहे हे विसरून नाकाने ओढायचा प्रयत्न पहिल्या मिनिटात प्रत्येकजण करतो. ‘‘तोंडान घे, तोंडान!’’ असं तो मुलगा यासाठीच ओरडत असतो. वर छातीएवढ्या पाण्यात पाच मिनिटं सराव करून घेतात तो टाळू नका. तिथे घाबरलात तरी उभं राहता येतं.

कान

दोन-तीन मीटरवरच कानात दडे बसतात. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकायचं. पट् असा आवाज होतो आणि कान मोकळे होतात. सतराव्या-अठराव्या शतकातल्या वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाचं नाव या युक्तीला आहे, पण घाट उतरणाऱ्या एसटीतल्या प्रवाशांना ती ठाऊक होतीच. दुखायला लागल्यावर नाही, दुखण्याच्या आधी करायचं. आणि जोर लावायचा नाही. नाही झाले मोकळे, तर थोडं वर या, पुन्हा करा. सोसायचं नाही. ‘एवढं काय, चालायचंच’ हा आपला राष्ट्रीय बाणा कानाच्या पडद्याला मान्य नसतो.

खुणा

पाण्याखाली बोलता येत नाही. महाराष्ट्रातल्या पर्यटनाच्या इतिहासात अशी ही बहुधा पहिलीच जागा असावी. तर्जनी आणि अंगठ्याची वाटोळी खूण म्हणजे ‘ठीक आहे’. तळहात आडवा करून हलवणं म्हणजे ‘काहीतरी बिनसलंय’. आणि अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. फोटोसाठी ‘मस्त!’ म्हणून अंगठा वर केलात की मुलगा तुम्हाला लगोलग वर आणतो. चार हजार रुपयांची गंमत दोन मिनिटांत आटोपल्याची तक्रार नंतर कुणाकडेही करता येत नाही.

मासे

आता ज्यासाठी आलो ते. १९८७ साली जाहीर झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं आहे आणि त्यातले प्रवाळ, म्हणजे आपण ज्याला रंगीत दगड समजतो ते, जिवंत प्राणी आहेत. बारीक बारीक प्राण्यांची वसाहत. तिच्यावर उभं राहायचं नाही, धरायचं नाही, ‘फक्त एक छोटासा तुकडा’ शोकेससाठी आणायचा नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात हे प्रवाळ वाघाच्या शेजारी, पहिल्या परिशिष्टात आहेत. घरातल्या काचेच्या कपाटात वाघाचं नख ठेवताना दहादा विचार करणारी माणसं प्रवाळ मात्र टिश्यू पेपरात गुंडाळून आणतात.

पाण्यात सगळं एक तृतीयांशाने मोठं आणि जवळ दिसतं. त्यामुळे ‘हाताएवढा गोबरा बघितला’ असं सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो, भागाकार करायचा राहिलेला असतो. लाल रंग सर्वांत आधी नाहीसा होतो. पाच-सात मीटरवर कुंकू काळपट दिसू लागतं आणि तांबोशीचं तांबडेपण जातं. बाकी मंडळींची ओळख थोडक्यात : वाळूत अंग पुरून बसलेलं पाकट दिसेल, त्याच्या शेपटीला काटा असतो, पंख पसरलेला देखणा मासा दिसला तर तो लायनफिश, त्याचे काटे विषारी, खडकाच्या कपारीतून तोंड उघडत-मिटत बघणारी वाम तुमच्यावर चिडलेली नसते, ती श्वास घेत असते. यापैकी कुणीही तुमच्या अंगावर धावून येणार नाही. ज्यांना काटे लागतात, त्यांनी बहुतेकदा आधी हात लावलेला असतो.

आणि पाव. काही होड्यांवर पावाचे तुकडे घेऊन उतरतात. पिवळसर अंगावर पाच काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा तुमच्या चेहऱ्याभोवती गोळा होतो, कॅमेरा चालू असतो, आणि त्या व्हिडिओवर पुढे एखादं हिंदी गाणं लावलं जातं. हा व्हिडिओ तुमच्या इमारतीतल्या निदान तीन कुटुंबांकडे आधीपासून आहे. मासेही बहुधा तेच. खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारे मासे प्रवाळ मोकळे ठेवतात. त्यांना पावाची चटक लागली की शेवाळ वाढतं आणि प्रवाळ गुदमरतो. धरून नेणाऱ्या मुलाला स्पष्ट सांगा, पाव नको. तो खूश होतो असा माझा अनुभव आहे, कारण ओला पाव हातात धरून बसण्याची हौस त्यालाही नसते. मासे तरीही येतात. थोडे, आपापल्या वेळेने. एखादं कासव लांबून जाताना दिसलं तर त्याच्यामागे जाऊ नका; त्याला श्वासासाठी वर जायचं असतं, आणि तुमच्यासारखी टाकी त्याच्याकडे नाही.

बुडालेली जहाजं

दोन-तीन हौशी बुड्यांनंतर माणसाला बुडालेलं जहाज बघायची इच्छा होते. विजयदुर्गासमोर पाण्याखाली भिंत आहे आणि तिच्यावर आपटून शत्रूची गलबतं फुटली, अशी गोष्ट तिथे ऐकायला मिळते. पण गोष्ट बघता येत नाही. जहाज बघायचं तर आपल्याला जवळ गोवा. ग्रान्दे बेटापाशी ‘सुझीज रेक’ नावाचं मालवाहू जहाज फारशा खोल नसलेल्या पाण्यात पडलेलं आहे. तिथे जाताना ‘आज पाणी किती स्वच्छ आहे?’ असा प्रश्न होडीवाल्याला विचारू नका. उत्तर नेहमी ‘कालच्यापेक्षा बरं’ असं असतं.

फार पैसे असतील तर इजिप्त. तांबड्या समुद्रात ‘थिसलगॉर्म’ हे ब्रिटिश मालवाहू जहाज ६ ऑक्टोबर १९४१ रोजी जर्मन विमानांनी बुडवलं, नऊ माणसं गेली. तीस मीटर खोलीवर त्याच्या पोटात सैन्याच्या मोटारसायकली आणि ट्रक अजून उभे आहेत. ऐंशी वर्षं एकाच जागी लावून ठेवलेल्या दुचाक्या पुणेकराला नवीन नाहीत, त्यामुळे भारतातच थांबलेलं बरं.

कारण सिंधुदुर्गासाठीही एक जहाज ठरलं आहे. १९८५ साली नौदलात दाखल झालेली आणि जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही ८३ मीटरहून लांब युद्धनौका पर्यटन महामंडळाच्या ताब्यात देण्यात आली, ती निवती रॉकजवळ तळाला बसवून संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत करण्यासाठी. एरवी सरकारी प्रकल्प बुडाला की बातमी होते. बुडणं हाच प्रकल्प असण्याची संधी क्वचित मिळते.

जहाज कोणतंही असो, आत शिरायचं नाही. दारातून नुसतं डोकावायचं. आतला गाळ एका पायाच्या फटक्यात उठतो आणि मग दार कुठल्या बाजूला होतं हे कुणालाच सांगता येत नाही. पत्रे गंजून धारदार झालेले असतात, जुनी जाळी अडकलेली असतात. आत जाणारे वेगळं शिकलेले असतात. त्यांच्याकडे दोरीचं रीळ आणि एकापेक्षा जास्त दिवे असतात, आणि हवेचा हिशोब ते तिसऱ्या हिश्शाने करतात : एक जाताना, एक येताना, एक कधीच न वापरण्यासाठी. आपल्या घरात पगाराचा असा हिशोब करणारं कुणी असेल, तर त्यांना आत जाऊ द्यायला हरकत नाही.

परतीचा प्रवास

वर येताना घाई नको. मिनिटाला नऊ मीटरपेक्षा जास्त वेग नको आणि पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. खोलवर दाबामुळे रक्तात नायट्रोजन विरघळलेला असतो, त्याला सावकाश बाहेर पडायला वेळ लागतो. घाई केली तर तो सोड्याच्या बाटलीतल्यासारखा फसफसतो. विमानात बसायचं असेल तर दोन-तीन बुड्यांनंतर निदान अठरा तास जाऊ द्यावेत, हे बहुतेकांना ठाऊक असतं. घाट मात्र कुणाच्याच डोक्यात येत नाही. समुद्रसपाटीपासून तीनशे मीटरच्या वर गेलं की बुडी मारणाऱ्यांच्या लेखी ती ‘उंची’, आणि आंबोली सातशेच्या आसपास आहे. किल्ल्यापाशी आठ-दहा फुटांवर पाव न खिलवता परत येणाऱ्याला याची चिंता नाही. पण परवाना काढून रविवारी सकाळी अठरा मीटरवर दोनदा जाऊन आलात, तर जेवून लगेच घाट चढायला घेऊ नका. रात्र किनाऱ्यावरच, देवबागला काढा.

अडचण गाडी चालवणाऱ्या मेहुण्यांची असते. त्यांना सोमवारी दहा वाजता कोल्हापुरात ऑफिस गाठायचं असतं आणि ते स्वतः पाण्यात उतरलेलेच नसतात. त्यांच्यापुढे नायट्रोजन काढू नका; वाद होईल आणि तुम्ही हराल. रात्रीच्या जेवणाला तिसऱ्यांचं सुकं सांगून ठेवलंय आणि पैसे आधीच दिलेत, एवढंच म्हणा.