हॅमिल्टन पूलचा फोटो

हॅमिल्टन पूल हा अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहराच्या पश्चिमेस सुमारे 37 किलोमीटरवर असलेला नैसर्गिक डोह आहे. जमिनीखालून वाहणाऱ्या नदीवरचे चुनखडीचे छत हजारो वर्षांपूर्वी झिजून कोसळले आणि खालचे पाणी उघड्यावर आले. उरलेले छत अजूनही डोहावर ओसरीसारखे पुढे आलेले असून त्याच्या कडेवरून सुमारे 15 मीटरचा धबधबा पडतो. छताच्या पोटाला नेच्याचे झुपके आणि भिंगऱ्यांची मातीची घरटी. पूर्वी या रानात गुरेमेंढ्या चरत. 1985 मध्ये ट्रॅव्हिस काउंटीने 232 एकर जागा विकत घेतली. आता आधी आरक्षण करावे लागते.

अशा ठिकाणी फोटोला ढगाळ दिवस उत्तम. उन्हात आकाश नीट आले तर कपार काळीठिक्कर येते, कपार उजळली तर आकाश पांढरेफटक. परंतु आरक्षण ढगांना विचारून होत नसल्याने प्रस्तुत लेखकाच्या वाट्याला लख्ख ऊन आले. पाण्यातील जंतूंचे प्रमाण पाहून पोहण्याची परवानगी ठरते. त्या दिवशी बंदी होती, त्यामुळे चौकटीत माणसे येणार नाहीत या विचाराने लेखकाला झालेला आनंद त्याच्या स्वभावाला धरूनच होता.

पाण्यावरची चकाकी घालवण्यासाठी भिंगापुढे पोलरायझर नावाची गोल काच लावतात. तिची पुढची कडी फिरवत गेले की एका क्षणी चकाकी विरते आणि तळाचे दगड दिसू लागतात. कडी आटे घट्ट होतील त्याच दिशेने फिरवावी, असे जाणकार सांगतात. लेखकाने ती उलट फिरवली. काच सुटली, तिपाईच्या पायावर टण्ण आपटली, कडेवर उभी राहिली आणि नव्या बांगडीच्या तोऱ्यात उतारावरून घरंगळत डोहात गेली. हिरव्या पाण्यावर वर्तुळे उमटली. त्यांचा फोटो चांगला आला असता.

ती कुठे पडली हे पाहायला पाण्यावरची चकाकी जायला हवी होती, आणि चकाकी घालवणारे एकमेव साधन तळाशी होते. लेखक गुडघे टेकून, हाताची सावली धरून, पाण्यात वाकला. त्याला स्वतःचा चेहरा स्वच्छ दिसला.

"केवढ्याची होती रे?" मागून आईने विचारले. किंमत निम्मी करून सांगण्यात आली. तरीही "अगं बाई!" झालेच.

गाडीतळापासून डोहापर्यंतची अर्ध्या किलोमीटरहूनही कमी, पण खडबडीत उताराची वाट ती लेखकाचा दंड धरून उतरली होती. आता दगडावर टेकून ती वरच्या छताकडे, झिरपणाऱ्या थेंबांकडे बराच वेळ पाहत राहिली. "आणि इथला महादेव कुठंय?" तिने विचारले. इथे महादेव नाही, असे सांगितल्यावर तिला खरे वाटेना. एवढे गार पाणी, एवढी सावली, आणि पिंड नाही? तिने चपला काढल्या, पदर खांद्यावरून घेतला आणि धबधब्याला हात जोडले. तिपाई जागेवरच होती, कॅमेरा चालू होता. लेखकाने बटण दाबले नाही.

उन्हाळ्यात हा धबधबा थेंबांवर येतो. डोहाची पातळी मात्र फारशी खाली जात नाही, त्यामुळे 77 मिलिमीटर व्यासाची ती काच कोणाला दिसण्याचा संभव कमी.