खलबत

शब्द शिकावा तो कादंबरीतूनच, असे माझे ठाम मत आहे. कोशातला शब्द पहिल्याच भेटीत अर्थ सांगून मोकळा होतो, कादंबरीतला मात्र खानदानी पाहुण्याप्रमाणे तीन प्रकरणे दिवाणखान्यात बसून मगच आपले कूळ हळूहळू कळू देतो. हरिभाऊ आपट्यांपासून रणजित देसायांच्या 'स्वामी'पर्यंत (१९६२) मी ऐतिहासिक कादंबऱ्यांचा जो फडशा पाडला, त्यात 'खलबत' असाच भेटला: दरवाजे लोटले जात, हुजरे बाहेर थांबत, आवाज खाली येत, आणि अर्थ कोणाला विचारण्याचे कारणच उरत नसे.

तेव्हापासून आमच्या सदाशिव पेठेतल्या गृहरचना संस्थेत पाण्याच्या टाकीचा प्रश्न निघाला, की 'प्रथम खलबत व्हावे' अशी सूचना मी मांडतो, आणि इतिवृत्तात शब्द जसाच्या तसा उतरला की नाही, याची दुसऱ्या दिवशी जातीने तपासणी करतो. टाकी अद्याप गळते. शब्द मात्र दप्तरी दाखल झाला आहे. हा विजय घरी निवेदन केला, तेव्हा सौभाग्यवतींनी दाण्याच्या कुटासाठी काढलेला खलबत्ता पुढे सरकवून 'आधी हे उरका' एवढेच म्हटले.

अशा शब्दांचा विषय निघाला की मला माधव जूलियन आठवतात, आणि ते आठवले की मूळ विषय हातून सुटतो. फर्ग्युसनमध्ये फार्शी शिकवणाऱ्या आणि मराठीत गझल रुजवणाऱ्या या कवीने १९२५ साली 'फार्शी-मराठी कोश' सिद्ध केला. मराठीतल्या फार्शी शब्दांची अशी खानेसुमारी करून झाल्यावर त्याच गृहस्थांनी भाषाशुद्धीचा कैवार घेतला आणि १९३८ साली 'भाषाशुद्धि-विवेक' लिहिला. ज्याने जबान्या घेतल्या त्यानेच हद्दपारी सुचवावी, हे न्यायाला धरून होते की नाही ते विद्वान ठरवोत; पण त्यांना प्रत्येक आरोपीचे कूळमूळ तरी ठाऊक होते.

कादंबरीतून शब्द शिकण्याच्या मूळ विषयाकडे येतो. माझी आई मराठी चौथी शिकलेली. वाचनालयातून आलेली खांडेकरांची किंवा फडक्यांची कादंबरी ती दुपारची भांडी आवरून, पदराला हात पुसून उघडी. एकदा चारचौघांदेखत ती म्हणाली, "आज मला फार उद्विग्न वाटतंय." सगळे हसले. "वहिनी, चौथीत उद्विग्न शिकवतात वाटतं?" असे काकांनी विचारले. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो. कारण 'काय होतंय तुला?' असे एकानेही विचारले नाही, आणि त्या भरल्या घरात तिची व्यथा कोणी ओळखली असेल, तर ती एका परक्या नायिकेच्या मिषाने त्या कादंबरीने. मला शब्द मिरवायला हवे होते. तिला ते लागत होते.

हा भेद कळूनही माझी हौस फिटलेली नाही. येत्या वार्षिक सभेसाठी मी 'मुतालिक' राखून ठेवला आहे; चिटणीस दोन महिने मुलीकडे बंगळूरला जाणार असून त्यांच्या जागी कोणाला तरी बसवावे लागेलच.