नक्की कशासाठी हवंय?

काकूंना साधा प्रश्न विचारायची सोय नाही. "काकू, आज तारीख काय हो?" म्हटलं की दुसरी कुठलीही बाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघेल. काकू आपल्याकडे बघतात. चष्मा नाकावरून थोडा खाली घेतात आणि विचारतात, "नक्की कशासाठी हवीय? तारीख की तिथी?" आपण चाचरत कबूल करतो की संकष्टी आज की उद्या, ते बघायचं होतं. "मग तसं विचार ना! आणि चंद्रोदय तिकडचा धरायचा की इथला?" एवढं झाल्यावर उत्तर मिळतं. ते मात्र बरोबर असतं, आणि मिनिटासकट असतं.

काकू न्यू जर्सीत, हडसन काउंटीतल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात, संदर्भ विभागाच्या टेबलाशी बसतात. मूळच्या ठाण्याच्या. १८९३ साली स्थापन झालेल्या तिथल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बदलून आणलेल्या पुस्तकांवर वाढलेल्या. लग्न होऊन अमेरिकेत आल्या, ग्रंथपालनाची पदवी घेतली आणि नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांच्या लक्षात आलं, की टेबलापाशी येणारी निम्मी माणसं स्पॅनिश बोलतात. कुणी पोर्तो रिकोचं, कुणी डॉमिनिकन, कुणी एक्वादोरचं, कुणी मेक्सिकोतल्या पुएब्लाचं. इंग्रजीत "मला मदत हवी आहे" एवढं पाठ करून आलेली आणि त्यापुढे अडलेली.

तेव्हा चाळिशी उलटलेल्या काकू स्पॅनिश शिकायला बसल्या. क्लास वगैरे नाही, बालविभागातली चित्रांची पुस्तकं घेऊन. त्यामुळे पहिले काही महिने त्यांच्या स्पॅनिशमध्ये ससे, कोल्हे आणि राजकन्या यांचाच भरणा होता. आयकराचा अर्ज मागायला आलेल्या गवंड्याला त्यांनी काय सांगितलं असेल देव जाणे, पण तो हसत गेला आणि दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन आला, एवढं खरं. आता बोलणं सराईत आहे. लहानांना "मिहो", थोरांना आदरार्थी "उस्तेद" आणि कुणालाही "आ बेर, आ बेर", म्हणजे आपलं "बघूया हं". हे म्हणत बाही मागे सारली, की पुढचा अर्धा-पाऊण तास ती माणसं काकूंची.

एकदा मेक्सिकोतल्या चियापासकडचे एक आजोबा आले होते. बरोबर दहा-एक वर्षांची नात, कारण दवाखान्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे आजोबांची दुभाषी तीच. आजोबांना मधुमेहाची माहिती हवी होती. काकूंनी मेडलाइनप्लस उघडलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचं हे संकेतस्थळ १९९८ साली सुरू झालं आणि २००२ पासून ते स्पॅनिशमध्येही आहे, हे त्या टाइप करता करता सांगतात, समोरच्यानं विचारलेलं नसलं तरी. पानाच्या वरच्या बाजूला 'एस्पान्योल'चा दुवा असतो, तो दाबला की तेच पान स्पॅनिशमध्ये हजर. काकूंनी नातीला डावीकडे इंग्रजी पान आणि उजवीकडे स्पॅनिश पान लावून दिलं, म्हणजे पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे तिला शब्दांवाचून अडायला नको. "दुभाषी व्हायचं वय आहे का हे पोरीचं?" हे त्या मराठीत पुटपुटल्या. मग मोठ्या टाइपात पानं छापून दिली. आजोबांनी घडी घातली, खिशात ठेवली आणि तिथेच बसून राहिले.

काकूंनी चष्मा खाली घेतला. "आजोबा, नक्की कशासाठी हवं होतं?"

आजोबांनी नातीकडे बघितलं, छताकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, "मांगो."

एवढंच होतं. माणसाला आंबा खायचा होता आणि सून खाऊ देत नव्हती. पुढची दहा मिनिटं मधुमेह बाजूला राहिला. आजोबांच्या मते जगात आंबा एकच, त्यांच्याकडचा अताउल्फो. काकूंच्या मते तो आंबा आहे हे मान्य, पण हापूस खाल्लेल्या माणसापुढे त्याचं नाव काढू नये. नात खुदुखुदु हसत होती. अखेर काकूंनी फळं आणि कर्बोदकं यांच्याबद्दलचं पान काढलं, प्रमाणाच्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि कागदाच्या माथ्यावर इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्हींत लिहिलं : 'मी आंबा खाऊ शकतो का? किती? केव्हा?' वर ताकीद दिली, "मी डॉक्टर नाही. हा कागद डॉक्टरांपुढे धरा." हे त्यांचं ठरलेलं वाक्य आहे. औषधाचं असो की कायद्याचं, काकू सल्ला देत नाहीत, माहिती देतात. हा फरक त्या इतक्या वेळा समजावून सांगतात की तेवढ्यात सल्ला देऊन झाला असता.

मुलांच्या बाबतीत तर विचारायलाच नको. नुकताच मेक्सिकोहून आलेला एक नववीतला मुलगा विज्ञानाचं पुस्तक स्पॅनिशमध्ये मागत होता. दुसऱ्या कुणी कपाट दाखवून वाटेला लावलं असतं. काकूंची उलटतपासणी सुरू झाली. धडा कुठला? ज्वालामुखी. निबंध कुठल्या भाषेत द्यायचाय? इंग्रजीत. केव्हा? उद्या. म्हणजे पोराला समजून घ्यायचं होतं स्पॅनिशमधून आणि लिहायचं होतं इंग्रजीतून. ग्रंथालयानं वर्गणी भरलेली ब्रिटानिका एस्कोलार एका खिडकीत, इंग्रजी ब्रिटानिका शेजारच्या खिडकीत. "आणि हे तुझ्या कार्डावर घरूनसुद्धा दिसतं. फुकट! कुणाला माहीतच नसतं!" हे सांगताना काकूंचा आवाज इतका चढतो की ग्रंथालयात शांतता राखा ही पाटी लाजेनं चूर व्हावी.

"गाव कुठलं तुझं?" मिचोआकान. हे ऐकलं आणि काकू खुर्चीतून उठल्याच. कारण २० फेब्रुवारी १९४३ या दिवशी त्याच मिचोआकानमध्ये एका शेतकऱ्याच्या मक्याच्या शेतात जमीन फाटली आणि पारिकुतिन नावाचा ज्वालामुखी वर आला. नऊ वर्षं धगधगला आणि १९५२ साली निवला. पोराला ही गोष्ट पणजोबांकडून ऐकून ठाऊक होती, पण ती शाळेत चालते हे ठाऊक नव्हतं. निबंध म्हणे वर्गात वाचून दाखवला गेला.

कॉलेजची मुलं आली की काकूंची जीभ वेगळ्या गावांना फिरते. जुनं स्पॅनिश साहित्य हवंय? आलिकांतेच्या विद्यापीठातून १९९९ साली सुरू झालेली मिगेल दे सेर्वांतेस आभासी ग्रंथालयाची साइट. संशोधनाचे लेख? ला रिओखा विद्यापीठाचं दियालनेत, मेक्सिकोतलं रेदालिक, ब्राझीलमध्ये जन्मलेलं सिएलो. "आणि बहुतेक सगळं उघडं आहे, पैसे मागणाऱ्यांच्या दारात जाऊ नकोस." पैसे मागणारे हे काकूंचे जन्माचे वैरी. कॉलेजच्या आर्थिक मदतीसाठी भरायचा 'फाफ्सा'चा अर्ज सरकारी आहे, फुकट आहे आणि स्पॅनिशमध्येही आहे. तरीही तो 'भरून देण्याचे' पैसे कुणीतरी एका मुलीच्या आईकडून उकळले होते. तेव्हापासून काकू प्रत्येकाला संकेतस्थळाचा पत्ता शेवटाकडून वाचायला लावतात. "शेवटी डॉट गव्ह आहे? नाही? मग पर्स बंद."

त्यांच्या टेबलावर एक पिवळा कागद असतो : स्पॅनिशमधल्या भरवशाच्या साइट्सची यादी. या यादीवर काकू वाळवणावर ठेवावी तशी नजर ठेवून असतात. दर सोमवारी सकाळी एकेक दुवा उघडून बघायचा, मेलेला असेल तर लाल पेन्सिलीनं खोडायचा. सरकारच्या स्पॅनिश साइटचं 'गोबिएर्नो यूएसए' हे जुनं नाव जाऊन ती 'यूएसए डॉट गव्ह'च्या पोटात गेली, तेव्हा काकू दिवसभर गप्प होत्या. "इतका सोपा पत्ता होता. लोकांना तोंडपाठ झाला होता." काकांना वाटलं, ओळखीचं कुणी गेलं.

कीबोर्डच्या कडेला त्यांनी एक चिठ्ठी चिकटवली आहे. 'एन'वर तिरकी लाट असलेलं ते स्पॅनिश अक्षर काढायचं तर ऑल्ट दाबून १६४, उलटं प्रश्नचिन्ह १६८, 'ई'वर काना हवा तर १३०. चिठ्ठीची आता गरज नाही, आकडे तोंडपाठ आहेत. स्वतःच्या मुलाचा फोन नंबर पाठ नाही, पण कार्डावर कुणाच्या आडनावातली ती लाट राहिली तर त्या दुरुस्त केल्याशिवाय कार्ड हातात देत नाहीत. "माणसाचं नाव आहे ते. जसं आहे तसं यायला नको?"

घरी याचा त्रास होतो. काकांनी "माझा चष्मा कुठाय?" म्हणून हाक मारली की आतून आवाज येतो, "वाचायचा की लांबचा? शेवटचा कधी बघितलात?" काका म्हणतात, या बाईनं लग्नाच्या बघण्याच्या कार्यक्रमातही मला तीन प्रश्न उलट विचारले होते, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर काकूंची दहशत आहे. कुणी 'कोमट पाण्यात अमुक घ्या, तमुक रोग मुळापासून जातो' असं टाकलं की खाली काकूंचे तीन ठरलेले प्रश्न : कुणी लिहिलंय? कधी लिहिलंय? त्याचा यात फायदा काय? यानंतर ग्रुपवर दोन दिवस नुसती सुप्रभातची फुलं येतात.

काकूंचं दैवत एस. आर. रंगनाथन. त्यांचे १९३१ सालचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम त्या अमेरिकन सहकाऱ्यांना ऐकवतात आणि आमच्या मद्रासच्या माणसाचे आहेत हे जोडायला विसरत नाहीत. ठाण्याची बाई मद्रासला 'आमचं' म्हणते ती फक्त याच एका बाबतीत. मात्र पाचांपैकी चौथा नियम 'वाचकाचा वेळ वाचवा' असा आहे, आणि तो काकूंनी आयुष्यात कधी पाळलेला नाही. तसं कुणी दाखवून दिलं तर म्हणतात, "अगं, चुकीचं उत्तर घेऊन घरी गेला असता तर त्याचा किती वेळ गेला असता?" यावर बोलण्यासारखं काही उरत नाही, आणि मागे रांग मात्र वाढलेली असते.

दुसरं दैवत पुरा बेल्प्रे, त्यांचं चित्र टेबलावर असतं. पोर्तो रिकोहून आलेल्या या बाई १९२१ साली न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयात लागल्या आणि स्पॅनिश बोलणाऱ्या पोरांना बाहुल्या नाचवून गोष्टी सांगू लागल्या. त्यांच्या पेरेस आणि मार्तिना या गोष्टीची नायिका एक सुंदर झुरळ आहे आणि तिचा नवरा एक उंदीर. काकू ही गोष्ट शनिवारी पोरांना इतक्या रंगून सांगतात की झुरळाच्या लग्नात त्यांचा गळा दाटून येतो. याच काकू घरच्या ओट्यावर झुरळ दिसलं की स्टुलावर चढून काकांना हाका मारतात.

मध्यंतरी काकूंची कसोटी लागली. एक कॉलेजचा मुलगा चॅटबॉटनं दिलेली पुस्तकांची यादी घेऊन आला. विषय : पुएब्लाहून न्यू जर्सीत आलेल्या लोकांचा स्वयंपाक. यादी झकास स्पॅनिशमध्ये, लेखक, साल, आयएसबीएन सगळं जागच्या जागी. त्यातलं पहिलंच पुस्तक काकूंना आवडलं आणि त्या शोधाला लागल्या. स्वतःचा कॅटलॉग झाला, जगभरच्या ग्रंथालयांचा वर्ल्डकॅट झाला, मेक्सिकोच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा झाला. पुस्तक नाही. शेवटी काकूंनी पावतीच्या पाठीवर गणित मांडलं. तेरा आकडी आयएसबीएनमधला शेवटचा आकडा आधीच्या बारांवरून ठरतो : एक सोडून एक आकड्याला तीननं गुणायचं, बाकीचे तसेच घ्यायचे, बेरजेला पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जो लागेल तो शेवटचा. शेवटी चार यायला हवा होता. यादीत सात होता.

"मिहो, हे पुस्तक कुणी लिहिलेलंच नाही."

मुलगा ओशाळला. दुसरं कुणी असतं तर यंत्रांच्या नावानं एक व्याख्यान झोडलं असतं. काकूंनी चष्मा खाली घेतला आणि विचारलं, "पण तुला हे नक्की कशासाठी हवं होतं?" तेव्हा बाहेर आलं, की त्याची आजी पुएब्लाची, मोले नावाच्या रश्शासाठी तीन जातींच्या मिरच्या भिजत घालते, आणि इथे आल्यावर त्यातली एक मिळेना म्हणून काय काय करून बघितलं ते रोज सांगते. त्याला वाटलं, याबद्दल कुठेतरी छापून आलेलं असणार.

"आलेलं नाही ना? मग आजीला विचारून तूच लिही," काकू म्हणाल्या. "आणि तारीख घालायची. कुणी सांगितलं, कुठे बसून सांगितलं, ते लिहायचं. मिरचीचं नाव आजी म्हणेल तसं, लाटेसकट. उद्या कुणी माझ्या टेबलापाशी येऊन विचारलं तर मला दाखवायला नको?"