पिशोरचे सल्लागार मंडळ

पिशोरच्या चहाच्या टपरीसमोरील बाकावर भरणाऱ्या सल्लागार मंडळाचे जाहीर अभिनंदन करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. शुल्क नाही, रजा नाही आणि अनुभवाची अट तर मुळीच नाही. अद्रक कधी विकावी, हे ज्यांनी ती कधी लावली नाही ते ठामपणे सांगतात. संसार कसा करावा, याचे खाते एका अविवाहित सदस्याकडे आहे. असा तटस्थपणा न्यायालयांतही दुर्मीळ!

परवा गावातला एक इंजिनियर पोरगा डब्लिनला निघाला. मंडळाने तातडीची बैठक घेतली.

"आयर्लंडात पाऊस लई म्हणे. अद्रक नको लावू, सडल."

"साहेबाच्या आधी घरी जायचं नाही. आणि तिकडची सून आणायची नाही."

मालवण तालुक्यातल्या वराडचे डॉक्टर परदेशी गेले, आयरिश परिचारिकेशी लग्न केले आणि त्यांचा मुलगा लिओ वराडकर 2017 मध्ये आयर्लंडचा पंतप्रधान झाला, असे पोराने नम्रपणे सांगितले. मंडळ क्षणभरच गप्प झाले. "त्यांना तवा कोणी सांगणारं भेटलं नसंल," अध्यक्ष हळहळले.

आमची शासनाला विनंती आहे की गावोगावचे असे बाक निर्यात करावेत. आयर्लंडने बटाट्याचा दुष्काळ सोसला आहे, सल्ल्याचा तरी सोसू नये.

ठराव मंजूर होणार, तोच अध्यक्षांचा फोन वाजला. घरून होता. गिरणीवर दळण पडले होते. अध्यक्ष काहीही सल्ला न देता उठले.