पाय उघडे नाहीत, आत्या!

कॅल्गरी, कॅनडा
संक्रांतीनंतरचा रविवार

तीर्थरूप आत्यास,


माझ्या लेकीचा, चिमीचा, बर्फावरचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि दारव्ह्यापासून वणीपर्यंत जो हलकल्लोळ माजला, त्याचा हा खुलासा. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू कधी एकटी नसतेस. तुझा स्पीकर कायम चालू, आणि मागून दोघी-तिघी सूचना करत असतात. शिवाय एक ओळखीच्या बाई नागपूरला निघाल्या आहेत, त्यांच्या बॅगेत पत्राला जागा आहे.

पुसदच्या मामींनी विचारलं, "पोरीला थंडी वाजत नाही का?" नेरच्या काकांनी जोडलेले हात टाकले, ते नमस्काराचे की निषेधाचे, अजून कळलेलं नाही. तू मात्र लिहिलंस, "पोट्टीचे पाय झाका वं माय." त्यानंतर ग्रुपवर कुणी काही लिहिलं नाही.

तर आत्या, पाय झाकलेले आहेत. कमरेपासून बुटाच्या तळापर्यंत, चांगल्या जाड नायलॉनमध्ये. त्याला इथे टाइट्स म्हणतात. तुला ते दिसले नाहीत, मामींना दिसले नाहीत, आणि फोटो मोठा करकरून पाहणाऱ्या काकांनाही दिसले नाहीत, यापेक्षा मोठं सर्टिफिकेट मला कोण देणार? सगळी दिवाळी मी त्यापायी घालवली. तुमच्या त्या आरडाओरड्याचे स्क्रीनशॉट मी जपून ठेवलेत.

आता हे प्रकरण काय ते पहिल्यापासून सांगते. इथे पोरं चालायला लागली की त्यांना स्केट्स घालून बर्फावर सोडतात. 'कॅनस्केट' म्हणून देशभर एकच अभ्यासक्रम आहे, त्यात पायऱ्या आहेत, रिबिनी आहेत, बॅज आहेत. चिमी त्या सगळ्या पायऱ्या चढून आता गिरक्या आणि उड्यांपर्यंत आली. मार्चमध्ये क्लबचं गॅदरिंग असतं, त्याला इथे कार्निव्हल म्हणतात. त्यासाठी कोचबाईंनी कागद पाठवला: निळा फ्रॉक, केसांचा अंबाडा, आणि "मुलीच्या त्वचेच्या रंगाच्या टाइट्स."

वाचून मला बरं वाटलं. फ्रॉक शिवायचा म्हणजे कठीण, मोजे काय, दुकानातून आणायचे. आणि मी तर तुझ्या मॅचिंग सेंटरमध्ये वाढलेली.

दुकानात गेले तर आधी जातींचाच गोंधळ. एक बुटाच्या आत जाणारे, पायमोज्यांसारखे. दुसरे टाचेखाली पट्टी असलेले. तिसरे बुटावरून खाली ओढायचे, म्हणजे पांढरा बूट झाकला जातो आणि मांडीपासून टोकापर्यंत एकच रेघ दिसते, पाय लांब वाटतो. आपल्या घराण्यात पायांची लांबी किती ते तुला माहीत आहे, म्हणून तिसरे घेतले. त्यांचा तोटा एवढाच की ब्लेडच्या पुढच्या दातांत अडकून ते फाटतात आणि खालून काळे होतात. एका जोडीच्या पैशांत तू साडीला फॉल, पिको आणि परकर करून वर गिऱ्हाइकाला चहा पाजशील.

मग रंग. तुझ्या दुकानात डाळिंबी मागितला तर तू विचारायचीस, "कोणता डाळिंबी?" आमसुली वेगळा, विटकरी वेगळा, चटणी कलर वेगळा, रुबियाच्या थानांची भिंत होती आणि त्यात एका निळ्याच्याच किती बहिणी होत्या. इथे माणसाच्या कातडीला मांडणीवर दोन-तीन रंग. एक फिकट, एक उन्हात थोडी भाजलेली गोरी बाई, आणि एक 'कॅरमेल', म्हणजे जळक्या साखरेचा. त्याच्या पुढचे गडद रंग कंपन्या करतात, पण ते मागवून घ्यावे लागतात. दुकानातली मुलगी फार गोड. तिनं चिमीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं, आणि "तुम्हीच ठरवा" असं म्हणून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

तेव्हा तुझी आठवण झाली. "रंग ट्यूबलाइटखाली नोको पाहू वं, दारात नेऊन पाह्य." मी पाकीट घेऊन दाराकडे निघाले. दार उघडताच भोंगा वाजला आणि सिक्युरिटीवाला आला. त्याला मी समजावून सांगितलं की आमच्याकडे रंग असाच बघतात. त्याची आजी फिलिपिन्सची निघाली, तीही असंच करते म्हणे. मग त्यानंच दार धरून ठेवलं. बाहेर उणे वीस. चिमीनं सलवार गुडघ्याच्या वर ओढली, मी टाइट्समध्ये हात घालून कापड ताणलं, आणि हे मध्ये उभे राहून वारा अडवत होते.

ताणणं महत्त्वाचं आहे, हे तुला आवडेल. घडीतलं नायलॉन गडद दिसतं. पायावर चढलं की विणीची भोकं रुंदावतात आणि रंग दोन घरं फिका होतो. आणि जोडी चेहऱ्याशी नाही जमवायची. आपला चेहरा आणि हात उन्हानं वेगळेच झालेले असतात, मांडी-पोटरी वेगळी. त्यात रिंकवरचे दिवे पांढरेफेक, खालून बर्फ तोच उजेड परत वर फेकतो. दुकानात जमलेला रंग तिथे बिघडतो. थोडे जरी फिके घेतले तरी हात सावळे आणि पाय प्लास्टरमध्ये घातल्यासारखे दिसतात.

आणि इथेच आमच्या सासूबाई पांढरकवड्याहून व्हिडिओवर आल्या. (हा परिच्छेद त्यांना वाचून दाखवू नकोस.) म्हणाल्या, "घ्यायचेच आहेत तर जरा उजळ घे. स्टेजवर छान दिसेल." त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांना जन्मभर हेच सांगितलं गेलं. पण तूच आठव, ते स्थळ तू आणलंस तेव्हा ह्यांच्या कागदावर 'वर्ण: गव्हाळ' असं लिहिलं होतं. गहू लोकवन की बन्सी, की तव्यावर राहून गेलेली पोळी, ते तू तेव्हा विचारलं नाहीस. चिमीनं रंग बापाचा घेतलाय, आणि मला तो फार आवडतो. तिनं आजीला सरळ सांगितलं, "आजी, उजळ घेतले तर ते माझे पाय वाटणारच नाहीत." सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग नेटवर्क गेलं असं म्हणाल्या.

आता तुझ्यावर येते. तुझ्या दुकानात वरच्या खणात 'स्किन कलर'चे परकर, स्लिपा आणि अंगठ्याचे मोजे असायचे. मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला की दत्त चौकातून स्कूटीवर जाणाऱ्या पोरी स्कार्फ, सनकोट आणि तेच मोजे घालून चपला अडकवायच्या. शाळेच्या गॅदरिंगला आम्हालाही त्याच रंगाच्या स्लॅक्स. तो रंग कुणाच्या कातडीचा होता गं? तुझ्या नाही, माझ्या नाही, गल्ल्यावरच्या आतोबांच्या तर नाहीच. साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या, दवाखान्यात पट्ट्या बांधणाऱ्या कुठल्याही बाईची पोटरी त्या रंगाची नव्हती. तरी आपण मागायचो, तू काढून द्यायचीस आणि दोघींनाही ते बरोबर वाटायचं. ब्लाउजपीस अर्ध्या छटेनं हुकलं तर बाई थान परत ढकलायची, आणि आपल्याच अंगाचा रंग हुकला तर पिशवीत घालून घरी न्यायची. हेलनचे सिनेमे तू पुन्हा पुन्हा पाहायचीस, तीही अंगभर असंच तलम कापड घालून नाचायची. पण तिची कातडी गोरी, तिचं काम त्या एका रंगात भागलं.

इथेही पूर्वी तेच होतं. क्रेयॉला कंपनीच्या रंगखडूच्या डबीत एका फिकट गुलाबी कांडीचं नावच 'कातडी' होतं, ते 1962 मध्ये बदलून 'पीच' केलं. न्यूयॉर्कला हार्लेममध्ये आर्थर मिचेल नावाच्या काळ्या नर्तकानं 1969 मध्ये बॅले कंपनी काढली, आणि त्याच्या नर्तकींनी पुढे गुलाबी टाइट्स टाकून आपापल्या कातडीच्या रंगाच्या घालायला सुरुवात केली. तशा बाजारात मिळत नव्हत्या. मग काय, त्या रंगवायच्या, आणि बुटांना चेहऱ्याची पावडर चोपडायची. लंडनच्या एका नामांकित कंपनीनं तपकिरी बॅले-बूट नियमित विकायला काढायला 2018 उजाडलं.

आमच्या कॅल्गरीचाही यात भाग आहे. 1988 चं हिवाळी ऑलिंपिक इथे झालं, आमच्या घरापासून गाडीनं जवळच्या सॅडलडोममध्ये स्केटिंग होतं. कातारिना विट आणि डेबी थॉमस, दोघींनी एकाच 'कार्मेन'च्या संगीतावर नाच बसवलेला. विटला सुवर्ण मिळालं. थॉमसला कांस्य, पण हिवाळी ऑलिंपिकमध्ये पदक मिळवणारी ती पहिली काळी खेळाडू. तुझा पुढचा प्रश्न मला ठाऊक आहे: "शिक्षणाचं काय?" ती शिकता शिकताच खेळली, आणि नंतर हाडांची डॉक्टर झाली. हे मात्र ग्रुपवर जरूर टाक. तिच्याही आधीची मेबल फेअरबँक्स. 1930 च्या दशकात न्यूयॉर्कच्या रिंकवर तिला तिच्या रंगामुळे आत घेत नसत. ती पुढे मोठी कोच झाली, आणि 1997 मध्ये अमेरिकेच्या स्केटिंगवाल्यांनी तिला मानाच्या यादीत घेतलं. चिमीच्या भिंतीवर सध्या तारा प्रसादचा फोटो आहे. ती भारताकडून खेळते, 2025 मध्ये हार्बिनच्या आशियाई हिवाळी खेळांत उतरली होती. आपल्या देशात रिंक बोटांवर मोजण्याइतकेच, त्यामुळे मुली सराव परदेशात करतात. यवतमाळला बर्फ म्हणजे उसाच्या रसात घालायचा, हे चिमीला सांगितलं तर ती म्हणाली, "मग गोळा तरी मिळतो ना?"

असो. कॅरमेलवाली जोडी आणली. एका घरानं फिकी होती. गडद रंग मागवावा तर वेळ लागणार, आणि तो फार पुढचा आला तर? मग कोचबाईंनीच हळूच सांगितलं की नाचणाऱ्या बायका चहात बुडवतात. आत्या, मी हसत सुटले. लहानपणी कपाला हात लावला की तू म्हणायचीस, "चहा नोको पिऊ वं, काळी होशीन." इतक्या वर्षांत जे पिऊन झालं नाही, ते अखेर बुडवून होणार होतं.

कृती लिहून ठेव, दारव्ह्यात कुणाला लागली तर. मोठ्या पातेल्यात कडक चहा उकळायचा. दूध नाही, साखर नाही, आलं तर मुळीच नाही (हे ह्यांना दोनदा सांगावं लागलं, वेलची घेऊन उभे होते). गाळायचा, नाहीतर पत्तीचे ठिपके पडतात. थोडं व्हिनेगर. टाइट्स आधी साध्या पाण्यात भिजवून मग चहात सोडायच्या आणि सारख्या हलवायच्या, दांडक्यानं, म्हणजे पट्टे पडत नाहीत. ओला रंग गडद दिसतो, त्याला भुलायचं नाही. सावलीत वाळवून, पायावर चढवून, दारात उभं राहून बघायचं. नायलॉन चहा चांगला धरतं. पुढे मात्र गार पाण्यात, हातानंच धुवायचं.

जमलं. असं जमलं की मीच चिमीला ओरडले, "अगं, घातल्या नाहीस अजून?"

सरावाला गेलो तर एक नायजेरियाची आई जवळ आली. मग केरळची आली. मग त्या सिक्युरिटीवाल्याची बहीण, तिची मुलगी त्याच क्लबात आहे. सगळ्यांना कृती हवी. आता दर शनिवारी आमच्या ओट्यावर पातेलं चढतं आणि जिची ती आपली पत्ती घेऊन येते. कुणाला कमी वेळ, कुणाला जास्त, केरळवालीला दोन हात. एक कोकेशियन आजीबाईही येऊन गेल्या, त्यांची नात इतकी गोरी की बाजारातली सगळ्यात फिकी टाइट्ससुद्धा तिला पिवळी दिसते. तिचं काय करावं मला सुचलं नाही. तुला सुचलं तर कळव.

आमचे हे अधूनमधून घाबरे होतात की आईबापांच्या नाचात आपल्यालाही टाइट्स घालाव्या लागतील. त्यांना नियम काढून दाखवला: स्पर्धेत पुरुषांना पूर्ण पायघोळ पँटच लागते. बायकांनाही 2004 पासून पँट चालते, स्कर्टची सक्ती गेली. हे वाचून तू म्हणशील, मग पोट्टीला पँटच का नाही घातलीस? विचारलं मी तिला. म्हणाली, "मग एवढा चहा कशाला केला?"

आता कामाचं. आतोबांचं दोऱ्यांच्या रिळांचं ते जुनं शेड-कार्ड गल्ल्याखालच्या खणात असेल, ते पाठव. इथे बायकांना रंग तोंडी सांगता येत नाही; बोट ठेवायला काहीतरी हवं. बिस्किट, बदामी, चॉकलेटी, कॉफी आणि कात, एवढी पानं फाडून दिलीस तरी चालेल. सोबत तुझ्या हातचं लाल मिरचीचं लोणचं, आणि खुली चहापत्ती दोन किलो, स्वस्तातली. महागाची रंग सोडत नाही.

पार्सलावर 'चहापत्ती, पिण्यासाठी' असंच लिही. कस्टमवाल्याला मोज्यांची हकीकत सांगायला मी जाणार नाही.

मामींना व काकांना नमस्कार. ग्रुपवर तूच खुलासा कर, तुझं ऐकतात.

तुझी,
दुकानातली भाची

ता. क. : चिमीनं विचारलंय, कार्निव्हलला फॉल-पिकोवाली आत्याआजी येणार का? येणार असशील तर अंगठ्याचे मोजे इकडूनच घेऊ. तुझ्या रंगाचे, मी करून ठेवते.