पुढचं कॅरिअर

हा माणूस डोंबिवली पूर्वेत हमखास सापडतो. कल्याणला खडकपाड्याकडे आणि ठाण्यात घोडबंदर रोडवरही त्याची वस्ती वाढते आहे. वय पन्नाशीच्या आसपास, फ्लॅटचं कर्ज फिटत आलेलं, लोकलचे धक्के खाऊन खांदे तयार झालेले. २०२०च्या लॉकडाउननंतर जो तो सायकल घेत सुटला, तेव्हा यानेही एक पटकावली. कल्याण-शीळ रस्त्याचे खड्डे डोळ्यांपुढे ठेवून पुढे शॉकअपवाली. दुकानदाराने हँडल दाबून दाखवलं. चिमटा चार बोटं खाली बसला, वर आला. सौदा तिथेच झाला.

येऊरला पहाटे जाऊन मिसळ खाऊन परतण्यात सुरुवातीचा काळ बरा गेला. मग कोकण डोक्यात शिरलं. शीळफाटा, पनवेल, पेण, अलिबाग, मुरूड. आगरदांड्याला सायकल फेरीबोटीत घालून दिघी, पुढे बागमांडल्याहून वेश्वी, दाभोळहून धोपावे, तवसाळहून जयगड. ही नावं तो आंघोळ करताना म्हणू लागला की बायको ओळखते, आता खर्च येणार.

“सगळं ओझं मागे टाकलं तर चढावर पुढचं चाक हलकं पडतं,” तो सांगतो. “पुढेही कॅरिअर हवं. दोन्ही बाजूंना एकेक पिशवी.”

आता अशा शॉकअपच्या चिमट्याला कॅरिअर लावायला बहुधा भोकंच नसतात. मेकॅनिक पोरगा वर न बघता सांगतो, “काका, साधा चिमटा टाका ना. दूधवाल्यांच्या सायकलीला असतो तसा. मग लादा काय लादायचं ते.”

हा सल्ला शंभर टक्के बरोबर आहे आणि म्हणूनच मानण्यासारखा नाही. चिमटा बदलला की खरेदी चुकली हे कबूल करणं आलं, तेही सासऱ्यांसमोर. “पुढे हे स्प्रिंगचं कशाला?” हे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलेलं असतं.

मग अभ्यास सुरू होतो. ओल्ड मॅन माउंटन ही अमेरिकन कंपनी चाकाच्या आसाला पकडणारं कॅरिअर बनवते. न्यूझीलंडच्या फ्रीलोडने पट्ट्यांनी आवळायचं काढलं, ते पुढे स्वीडनच्या थुलेने घेतलं. किमती रुपयांत ऐकल्यावर बायको म्हणते, “अहो, त्यापेक्षा दोघं एसटीने जाऊन येऊ.”

शेजारचे आजोबा हँडललाच पिशवी बांधायला सुचवतात. “वजन वर गेलं की हँडल डुलतं,” हा उसासा टाकतो. त्यानंतर लिफ्टमध्ये जो भेटेल त्याला शॉकअपचं शास्त्र ऐकावं लागतं. वरची चकचकीत नळी खालच्या जाड नळीत सरकते, खालची नळी चाकाबरोबर हलते. कॅरिअर अख्खं खालच्या नळ्यांवरच हवं. एक टोक वर आणि एक खाली बांधलं, की पहिल्याच खड्ड्यात एक तर कॅरिअर वाकणार, नाही तर चिमट्याचं वाटोळं होणार. यातला शब्द न् शब्द खरा आहे, हेच ऐकणाऱ्याचं दुर्दैव. तिसरा मजला आला तरी तो दार धरून ठेवतो, कारण मुख्य मुद्दा राहिलेला असतो. अशाने सामानाचा भार शॉकअपच्या खाली, थेट चाकावर येतो. म्हणजे खड्ड्यात याची मनगटं वाचतात, पिशवीतले लाडू नाही.

शेवटी रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये कार्य निघतं. जुन्या ट्यूबची पट्टी कापून खालच्या नळीभोवती गुंडाळायची, तिच्यावर नळाच्या रबरी पाइपाला लावतात ती स्टीलची क्लिप बसवायची आणि स्क्रू फिरवत राहायचं, रबर कडेने किंचित फुगून बाहेर येईपर्यंत. उजवी बाजू लवकर जमते. डाव्या पायाला डिस्क ब्रेकचा जबडा असतो, तिथे कॅरिअर घासतं. मग वायसरवर वायसर चढतात. कॅरिअर डावीकडे ढळलेलं दिसतं. “दिसतं, पण नाही,” असं तो स्वतःलाच सांगतो.

पिशव्यांत दोन-दोन किलो तांदूळ भरून चाचणी. शॉकअप पुरता दबल्यावर वरचं काही कॅरिअरवर आदळतं का, ते पाहायला वॉचमनला हँडलवर रेलायला सांगतात आणि हा जमिनीला गाल टेकून खालून बघतो. दोन बोटं जागा उरते. टाळ्या पडतात. वरून आवाज येतो, “अहो, तांदूळ आणा आधी, कुकर लावायचाय!”

असेच आमच्या ओळखीतले एक काका खरोखर निघाले. पेणपर्यंत दर चहाला क्लिपा चाचपल्या, मुरूडपर्यंत एकही ढिली नाही. मग आगरदांड्याची जेट्टी आली. बोटीवरच्या माणसाने “सरका, काका” म्हणत सायकल उचलली, ती नेमकी पुढच्या कॅरिअरला धरून. काकांच्या तोंडून शब्द फुटेना. क्लिपा सरसर वर सरकल्या आणि दोन्ही नळ्यांना जोडणाऱ्या कमानीला अडकून थांबल्या. सायकल बोटीत सुखरूप उतरली.

दिघीला उतरल्यावर काकांनी पाना काढून सगळं पुन्हा आवळलं, हात पुसले आणि घरी फोन लावला. “सासऱ्यांना सांग,” ते म्हणाले, “ती कमान मी बघूनच घेतली होती.”